असं का वाटतंय तुला?

सरळ प्रश्नाला एकदाही सरळ उत्तर न देता उभी हयात प्राध्यापकीत काढलेलं माणूस साऱ्या भूतलावर एकच असेल, आणि तेच नेमकं पीएच.डी.ची गाईड म्हणून माझ्या वाट्याला आलं. सांगलीला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी म्हैसूरला आले, ती कॉलेजातले प्राध्यापक विज्ञान कसं शिकवतात आणि त्यातलं मुलांच्या डोक्यात काय शिरतं, यावर संशोधन करायला. पहिल्या दिवशी विभागातल्या एका दारापाशी सुती साडीतल्या एक बाई दोन्ही हातांत पाण्याचे ग्लास घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना अदबीनं विचारलं, "प्राध्यापकबाईंची खोली हीच ना?" त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाल्या, "हौदा? असं का वाटतंय तुला?" हौदा म्हणजे कन्नडमध्ये 'असं होय?' हे मला नंतर कळलं. मी चाचरत म्हटलं, "पाटी आहे की दारावर." "पाटी लावणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, असं का वाटतंय?" एवढं बोलून त्या थांबल्या. मीही थांबले. पाटीवर ज्यांचं नाव होतं त्या त्याच होत्या, हे मला शिपायानं सांगितलं. मी हादरलेच. अशा बाईंच्या हाताखाली चार-पाच वर्षं काढायची, या कल्पनेनं मला त्या दिवशी जेवणसुद्धा गेलं नाही.

पण खरा हादरा त्या प्रश्नाचा नव्हता, थांबण्याचा होता. आपण सगळे प्रश्न विचारतो आणि समोरचा श्वास घेईपर्यंत उत्तरही आपणच देऊन टाकतो. शिक्षक तर जास्तच. बाई मात्र प्रश्न टाकून वर पंखा फिरताना बघत बसायच्या. वर्गात इतकी शांतता व्हायची की पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटावं, कुणी गेलं की काय. एकदा मला ते असह्य झालं आणि मी मागच्या बाकावरून उत्तर सांगून मोकळी झाले. बाई कळवळल्या, "अय्यो, सांगून टाकलीस? सुम्ने, गप बसायचं की गं! त्यांच्या तोंडातला घास काढून घेतलीस तू." आयुष्यात पहिल्यांदा बरोबर उत्तर दिल्याबद्दल मी शिव्या खाल्ल्या.

बाईंचे पूर्वज म्हणे म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाईगिरी करायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी अजून टिकून होती, पण वाक्य मराठीत चढायचं आणि कन्नडमध्ये उतरायचं. माघार मात्र दोन्ही भाषांत नव्हती. रिक्षावाल्याला त्यांनी एकदा विचारलं, वळणावर आपण बाहेरच्या बाजूला का फेकले जातो? त्या भल्या माणसानं विचार करायला रिक्षाच कडेला घेतली आणि आमची मीटिंग बुडाली. एकदा ताप आला म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, घाम आला की ताप उतरेल. झालं! "असं का वाटतंय तुम्हाला?" बाहेर पेशंट ताटकळले होते आणि आत डॉक्टर बाष्पीभवनावर कागदावर आकृत्या काढत होते. माझे वडील सांगलीहून आले, तेव्हा तर मी देव पाण्यात ठेवले होते. वडिलांनी कॉफीचा घोट घेऊन थेट विचारलं, "बाई, पोरीचं पीएच.डी. होणार कधी?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतंय?" आणि थांबल्या. वडील आधी गोंधळले, मग बोलू लागले, ते माझ्या बालवाडीपासून जे सुरू झाले ते कॉफी निवून साय धरेपर्यंत थांबले नाहीत. निघताना मला म्हणाले, "फार समजूतदार बाई आहेत. सगळं नीट समजावून सांगितलं." त्या एका प्रश्नापलीकडे बाईंनी अक्षरही उच्चारलं नव्हतं.

चुकीच्या उत्तरांवर तर त्यांचा जीव. हुणसूरच्या कॉलेजातला एक तरुण प्राध्यापक प्रशिक्षणाला आला होता. सूर्य लांब जातो म्हणून थंडी पडते, असं त्यानं ठणकावून सांगितलं आणि बाईंचा चेहरा असा फुलला, की जणू घरी नातू झाला. "किती छान! आणि नाताळात ऑस्ट्रेलियातले लोक समुद्रावर पोहायला जातात, ते कसं?" तो बिचारा बस धरेपर्यंत आकाशाकडे बघत होता. बाई मला म्हणायच्या, "बरोबर उत्तर पाठ करून येतं. चुकीचं मात्र माणसाचं स्वतःचं असतंय. त्याचा मान ठेवायला नको?"

अशातच विद्यापीठाची समिती येणार असल्याचं कळलं. बाईंचा अभ्यासक्रम, म्हणजे कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्यांना शिकवायचं कसं ते शिकवणारा, चालू ठेवायचा की गुंडाळायचा, ते समिती ठरवणार होती. विद्यार्थी कमी, पोर्शन कधीच पुरा नाही, अशा तक्रारी होत्या. सगळ्या विभागानं बाईंना विनवलं की एक दिवस तरी चारचौघांसारखं शिकवा, स्लाइड दाखवा, उत्तरं सांगा. बाई "सरि, सरि" म्हणाल्या, म्हणजे बरं, बरं. मला हायसं वाटलं. इथंच मी फसले.

समितीचे अध्यक्ष रसायनशास्त्रातलं बडं प्रस्थ होते. ते वर्गात येऊन बसले आणि बाईंनी टेबलावर दोन ग्लास ठेवले, एकात साधं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. दोन्हींत बर्फाचा एकेक खडा सोडला. "कुठला आधी वितळेल?" मुलं गप्प. बाई पंख्याकडे बघू लागल्या. अध्यक्षांना ती शांतता सोसवेना. ते हसून म्हणाले, "सोपं आहे. मिठातला. मिठानं बर्फ वितळतो, हे कुणालाही ठाऊक आहे." पहिल्या वर्षी मीही छातीठोकपणे हेच उत्तर दिलं होतं. मी मनातल्या मनात हात जोडले, बाई, आज एवढं एक सोडून द्या. आणि बाई, ज्यांच्या सहीवर सगळं अवलंबून होतं त्या माणसाकडे अत्यंत प्रेमानं बघत म्हणाल्या, "हौदा, सर? असं का वाटतंय तुम्हाला?"

साध्या पाण्यातला खडा वितळून दिसेनासा झाला. मिठातला मजेत तरंगत राहिला. अध्यक्षांचे कान लाल झाले. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं. ते उठले खरे, पण जायला नव्हे. कोट काढून त्यांनी खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि रंगासाठी काही आहे का म्हणून विचारलं. बाईंनी पिशवीतून कॉफीचं थंड डिकॉक्शन काढून दिलं. अध्यक्षांनी नवे खडे टाकून त्यांवर थेंब सोडले. साध्या पाण्यात तपकिरी धार सरळ तळाला गेली. मिठाच्या पाण्यात ती वरच, बर्फाला बिलगून राहिली. "म्हणजे वितळलेलं गार पाणी इथं खाली जातच नाही! बर्फालाच पांघरूण घालतंय!" अध्यक्ष ओरडले. समितीचं जेवण गार झालं. आम्हाला वाटलं, आपण जिंकलो.

महिनाभरानं पत्र आलं, अभ्यासक्रम बंद. खाली सही अध्यक्षांचीच. त्याहून कमाल म्हणजे त्याच आठवड्यात त्यांचा बाईंना फोन आला; सही का केली ते सांगायला नव्हे, तर साखरेच्या पाण्यात करून बघितलं, तिथंही बर्फ रेंगाळतोय, हे सांगायला. बाईंनी पाऊण तास आनंदानं गप्पा मारल्या. मला त्या माणसाचा इतका राग आला होता, की बाईंचाही आला.

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी खोली आवरत होतो. बाई ग्लास धुऊन पुसून वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. न राहवून मी विचारलं, "बाई, आपण हरलो ना?" आणि आता 'हौदा' येणार म्हणून मान खाली घालून उभी राहिले. बाईंचे हात थांबले. त्यांनी पंख्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हो गं. हरलो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला दिलेलं ते पहिलं सरळ उत्तर. त्यासाठी मी किती तडफडले होते, किती चिडले होते, त्यांच्यामागे किती बोलले होते! आणि मिळालं तेव्हा मला ते मुळीच नको होतं. माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "असं का वाटतंय तुम्हाला?"

बाई दचकल्या. मग डोळे भरून हसल्या. ग्लास मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. "थांब हं," त्या म्हणाल्या, "विचार करू दे मला."

मी थांबले.