मामीचं आभाळ आणि मामाचा शर्ट

देवाने आभाळ केलं ते माझ्या डोंबिवलीच्या मामीसाठी. आपण बाकीचे लोक त्याच्याखाली फुकट राहतो, इतकंच. मामीला दागिन्यांची हौस नाही, साड्यांची नाही, नातेवाइकांची तर मुळीच नाही. पण कुठे गडगडलं की तिचा चेहरा असा फुलतो, की वाटावं माहेरची माणसं दारात आली. वीज, गारा, वावटळ, चंद्राला पडलेलं खळं, मलंगगडामागून काळंकुट्ट होऊन येणारं अवकाळी वादळ, यांतलं काहीही दिसलं की ती हातातलं काम टाकून गच्चीकडे धावते. ती राहते तळमजल्यावर, इमारत तीन मजली आणि लिफ्टचा पत्ता नाही, पण वीज चमकली की मामीच्या गुडघ्यांना वय राहत नाही. तिच्या घरात मी अर्धी लाटलेली पोळी पाहिली आहे, अर्धा निवडलेला मटार पाहिला आहे, आणि एकदा शेजारच्यांची मुलगी अर्धीच वेणी घालून तासभर मुकाट बसलेली पाहिली आहे.

या उत्साहाला जागेचं भान नसतं. नोकरीत असताना ती एका बँकेत कॅश काउंटरवर बसायची. एका दुपारी सूर्याभोवती खळं पडल्याची बातमी कुणीतरी आत आणली मात्र, मामीने काउंटरवर 'बंद'ची पाटी ठेवली आणि अख्खी रांग रस्त्यावर नेऊन उभी केली. "हाताने सूर्य झाका, नुसतं भोवतीचं कडं बघा," असं ती सगळ्यांना शिकवत असताना साहेब तणतणत बाहेर आले. मामी शांतपणे म्हणाली, "साहेब, मला नंतर ओरडा. मी कुठे जातेय? हे जाईल." साहेबांनी रागारागाने वर बघितलं, आणि मग रांग आत गेली तरी साहेब बाहेरच होते.

त्याहून मोठा प्रसंग एका दुःखाच्या घरी ओढवला. ओळखीतले एक आजोबा गेले होते, आम्ही भेटायला गेलो होतो, सगळे माना खाली घालून बसलेले. वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे ती किती लांब आहे ते कळतं, हा मामीचा नेम. खिडकीत लख्ख उजेड पडला आणि त्या शांततेत मामीचा खणखणीत आवाज आला, "एक, दोन, तीन..." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण पुढचा आकडा आजोबांच्या मुलाने घेतला, त्यापुढचा आजींनी, आणि गडगडाट झाला तेव्हा सगळी खोली एका सुरात मोजत होती. "लांब आहे हो," मामीने सगळ्यांना धीर दिला. निघताना आजी तिचा हात धरून म्हणाल्या, "पुन्हा या हं." असं दुखवट्याला आलेल्यांना कुणी म्हणत नाही.

मी ठाण्याला माजिवड्यात राहतो, त्यामुळे मामीच्या लेखी मी भाचा कमी आणि पहारेकरी जास्त. पावसाळ्यात ढग आधी माझ्याकडे येतात, मग तिच्याकडे जातात. "येऊरच्या डोंगरावरून निघाला का रे?" असं ती फोनवर विचारते, जणू ढग नसून वऱ्हाडाची बसच यायची आहे. ऑक्टोबरात वादळं उलटी, पूर्वेकडून येतात. तेव्हा फोनवर हुकूम असतो: "इथून सुटलंय. दोरीवरचे कपडे काढ. आणि काढून झाले की खिडकीत उभा राहा, मेल्या, आत जाऊन टीव्ही लावू नकोस!"

अशा बाईला नवरा मिळाला तो माझा मामा. मामाने उभ्या आयुष्यात आभाळातलं काहीही वेळेवर पाहिलेलं नाही. त्याची ना नसते. हाक आली की तो लगेच "आलो, आलो" म्हणतो. पण घरात तो बनियनवर असतो, आणि बनियनवर गच्चीत जाणं त्याला मान्य नाही. "वर चार लोक असतात, बरं दिसतं का?" मग शर्ट, तोही इस्त्रीचा. मग गळ्यापर्यंत सगळी बटणं, मग भांग, मग चष्म्याचा शोध. मामी वरून जिन्यात ओरडते, "अहो, या ना, जातंय ते!" आणि खालून मामाचा शांत आवाज येतो, "थांबव त्याला दोन मिनिटं." मामा गच्चीत पोचतो तेव्हा इंद्रधनुष्य विरलेलं असतं, लोक जिना उतरत असतात, आणि मामा प्रत्येकाला हसून नमस्कार करत वर चढत असतो.

एका वर्षी गारा पडल्या. निदान या तरी यांना दाखवता येतील म्हणून मामीने सुपारीएवढ्या गारा वेचून डब्यात भरल्या आणि डबा फ्रीजरमध्ये ठेवून ती भाजीला गेली. परत आली तर मामा ताक पीत बसला होता. "बर्फ छान होता गं," तो म्हणाला. त्या रात्री मामी मला फोनवर जे म्हणाली ते थट्टेतलं नव्हतं. "लग्नाला इतकी वर्षं झाली रे. एकदा, फक्त एकदा, एखादी गोष्ट मी आणि यांनी एकाच वेळी बघावी. दुसरं काही मागत नाही मी."

तोडगा मीच सुचवला. जे अचानक येतं ते मामाला कधीच गाठता येणार नव्हतं. सांगून येणारं काहीतरी हवं होतं. मे महिन्याच्या मध्यावर आपल्याकडे एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. शून्य सावली म्हणतात तिला. "वेळ ठरलेली असते, मामी. मुंजीच्या मुहूर्तासारखी," मी म्हणालो. मामीने तो मुहूर्त मामाच्या इतका कानीकपाळी ओरडून सांगितला, की त्या दिवशी मामा सकाळीच न्हाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून खुर्चीत बसला होता.

गच्चीत अख्खी सोसायटी जमली. जो तो उभं राहील असं काहीतरी घेऊन आलेला: पाण्याच्या बाटल्या, समई, क्रिकेटचा स्टंप, आणि उभं राहायला अजिबात तयार नसलेलं एक लाटणं. मामी सकाळपासून वर होती, ढग येतो की काय या धास्तीने आभाळ राखत. चेहरा लालबुंद झालेला. सावल्या आखडत आखडत पायाशी आल्या तरी मामाचा पत्ता नव्हता. "अहो!" मामी ओरडली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "आलो, आलो," जिन्यातून उत्तर आलं, आणि खरोखरच, जन्मात पहिल्यांदा, मामा वेळेवर आला. हातात त्याची लांब दांड्याची काळी छत्री होती. उघडलेली.

एकच गिल्ला झाला. "काका, बंद करो ना यार! सावली पडतेय तुमची!" स्टंपवाला पोरगा ओरडला. मामाने सगळ्यांना हसून मान डोलावली आणि सरळ मामीजवळ जाऊन छत्री तिच्या डोक्यावर धरली. "सकाळपासून उन्हात उभी आहेस. चक्कर येऊन पडशील." नेमका तोच क्षण होता. स्टंपची सावली गेली, समईची गेली, टाकीची टाकीखाली जाऊन बसली, माझी माझ्या चपलांखाली गेली. साऱ्या गच्चीत एकच सावली उरली, काळी, गोल, आणि तिच्यात ती दोघं.

"अहो, बघितलीत का?" मामी कळवळून म्हणाली.

"काय?"

"सावली!"

मामाने चष्मा सारखा करून खाली बघितलं. "बघितली की. छान गार आहे."

मामीने ओरडायला तोंड उघडलं, आणि त्यातून हसूच बाहेर पडलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. तिने छत्री काही मिटू दिली नाही.

पुढे पावसाळ्यात मामा पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. आता तो काठी घेऊन कंपाउंडपर्यंत येतो. गच्चीचा जिना त्याला कायमचा बंद झाला. यंदा मेमध्ये मला डोंबिवलीला जायला जमलं नाही, म्हणून मी आमच्याच गच्चीवर बाटली घेऊन एकटा उभा राहिलो. बाटलीची सावली गेली तशी मी मामीला फोन लावला. मागे गर्दीचा गोंगाट असेल असं वाटलं होतं, पण सगळं शांत होतं.

"मामी, गच्चीत नाहीस?"

"छे रे. खाली खुर्च्या टाकून बसलोय दोघं. यांना चढवत नाही ना."

"अगं, माझी गेली बघ सावली, आत्ताच."

"गेली? आमच्याकडे आहे अजून," मामी म्हणाली. छत्री उघडी आहे हे मला न सांगता कळलं. तेवढ्यात मागून मामाचा आवाज आला, "कोण, भाचा? उन्हात उभा आहे का तो? त्याला म्हणावं, इकडे ये. तिघं मावू."

फोन ठेवला तरी मी खाली उतरलो नाही. बाटलीची सावली हळूहळू परत येत होती, माझीही येत होती. पण मला डोंबिवलीची हवी होती.