दोनला येणारी लाइन

जनरेटरच्या डिझेलचा वास आला की मला साकोलीजवळच्या आमच्या गावातला तो मांडव आठवतो. नव्या वीज उपकेंद्राच्या कामासाठी दहा ते दोन लाइन बंद राहील, असा मेसेज आला होता. बाबांना दमा; त्यांचं वाफेचं मशीन लाइन आल्यावर, दोनला लावायचं आम्ही ठरवलं. दोन वाजून गेले तरी लाइन येईना. बाबांच्या छातीतली शिट्टी ओसरीपर्यंत ऐकू येऊ लागली, तेव्हा त्यांना आणि मशीनला स्कूटरवर घेऊन मी उपकेंद्रासमोरचा उद्घाटनाचा मांडव गाठला. काम केव्हाच संपलं होतं. पण बटण पाहुण्यांच्या हस्ते दाबायचं होतं आणि पाहुणे अजून रस्त्यात होते. जनरेटरवर फक्त माइक चालू होता. “त्याच्यावर मशीन लावू द्या,” मी वायरमनला म्हणालो. “माइक बंद पडन ना भाऊ. थांबा, साहेब येऊनच राहिले,” तो खाली बघत म्हणाला. माइकवर अखंड विजेचं स्वागतगीत सुरू झालं. बाबा धापा टाकत म्हणाले, “चाल घरी. इथं टाळ्या वाजवा लागतील, अन् तेवढी ताकद नाही माह्यात.” लाइन दिवस कलल्यावर आली, बाबा कसेबसे निभावले. आता वेळापत्रक मोबाइलवर दिसतं. मी त्यात वेळ पाहतो, आणि पाहुणे कोण येणार आहेत, ते गावात विचारून घेतो.