मनगटावरचा धागा

कामाची पाळी सुरू होण्यापूर्वी आमचे यंत्रचालक प्रत्येकाचे मनगट पाहत आणि पूजेचा धागा दिसला की कात्रीने कापत. वरोऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात वितळलेल्या प्लास्टिकचे केसाहून बारीक तंतू निघतात.

"देव मनात ठेव नं बावा, हाताले काऊन बांधतं?" असे ते दरडावत. एकदा मलाही म्हणाले, "साहेब, तुमचाबी काढा." मी पाळीप्रमुख, हसून टाळले.

त्याच दुपारी फिरत्या रुळावर तंतूंचा गुंता चढला. यंत्र थांबवले तर प्लास्टिक गोठून दिवसाचे काम बुडणार, म्हणून मी चालू यंत्रातच लोखंडी आकडी घातली. तंतूंनी माझा धागा पकडला आणि हात आत ओढला जाऊ लागला. तेवढ्यात रूळ थांबला. लाल बटणावर यंत्रचालकांचा तळवा होता. मग त्यांनी कात्रीने माझा धागा कापला.

व्यवस्थापक धावत आले. "कोणी बंद केलं?"

"मीनं. प्लास्टिक पुन्हा वितळते साहेब, बोट पुन्हा उगवत नाई."

"उद्यापासून येऊ नको!"

बोट कोणाचे, हे यंत्रचालकांनी सांगितले नाही. माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मी धाग्याचा वळ उठलेला माझा हात व्यवस्थापकांपुढे धरला.