उजवी टाच

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. जुन्या जालन्यात त्या प्रवासी लेखकाचं घर जपून ठेवलं आहे ना, तिथे काचेच्या पेटीतल्या चपला लेखकाच्या नाहीत. त्या मामांच्या आहेत, आणि तिथे त्या मी ठेवल्या.

मामा म्हणजे त्या घराचे राखणदार. तुमच्यापैकी कोणी ते घर पाहायला गेला असाल, तर दारातच अडवला गेला असाल. "पायतान भायेर! आत फकस्त सायबाचं पायतान ऱ्हाईल." सायब म्हणजे तो लेखक, वाळवंटं आणि बर्फाचे घाट पायी तुडवून पुस्तकं लिहिणारा. मामांनी त्यातलं एकही पुस्तक वाचलं नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाचायला कशाला पायजे? रोज पुसून राह्यलो की!"

घर लोकांसाठी खुलं करायचं ठरलं तेव्हा मी समितीवर होतो. शाळेत मराठी शिकवतो, अक्षर बरं आहे, म्हणून वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. यादी समोर ठेवून आठ दिवस आधीच सगळ्या पाट्या लिहून मोकळा झालो. एक अशी होती: 'याच चपलांनी त्यांनी तीन वाळवंटं ओलांडली.' उद्घाटनाच्या सकाळी लेखकाचा पेटारा उघडला, तर उंदरांनी चपलांचे फक्त अंगठे शिल्लक ठेवले होते.

पाटी तयार, पत्रिकेत उल्लेख, पाहुण्यांची गाडी गल्लीच्या तोंडाशी. मी पडलो मास्तर. 'रिकाम्या जागा भरा' हे हाताला लागलेलं वळणच. दाराबाहेर चपलांचा ढीग होता, त्यातला सगळ्यात झिजलेला जोड उचलला, काळं पॉलिश फासलं आणि पेटीत ठेवला. कार्यक्रम संपला की परत ढिगात टाकू, एवढाच विचार. पण पाहुणे भाषणात त्या चपलांबद्दलच भरभरून बोलले. लोकांनी फोटो काढले. अध्यक्षांनी पेटीला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

गर्दी पांगल्यावर मामा दारात अनवाणी उभे. "सर, माझं पायतान गेलं!"

पेटीतला जोड कोणाचा, ते मला कळलं. "कोणी नेलं असेल, मामा?" असं मी विचारलं. होय, मीच विचारलं.

"समोरच्या हॉटेलवाल्यानं! कालच म्हन्ला व्हता, मामा, या पायतानाला मरन न्हाई, मला देऊन टाका."

समोर चहाचं लहानसं हॉटेल आहे. मामांची आणि त्या हॉटेलवाल्याची जुनी दोस्ती, सकाळचा पहिला कप मामांचा. त्या दिवसापासून मामांनी रस्ता ओलांडणं सोडलं. चहासाठी लंगडत पार पुढच्या चौकापर्यंत जायचे.

हॉटेलवाला पातेलं ढवळता ढवळता ओरडायचा, "ओ मामा, माझा पाय दहा नंबर, तुमचा सहा. तुमचं पायतान काय कानाला लटकवू?"

"चोराला नंबर लागत न्हाई!" मामा त्याच्याकडे न बघता म्हणायचे.

मी मामांना नवा जोड आणून दिला. "सर, तुमच्यासारखा मानूस न्हाई बिलकुल," ते म्हणाले. नव्या चपला त्यांना महिनाभर चावल्या. ते वाक्य मला अजून चावतं.

तुम्ही म्हणाल, माणूस स्वतःच्या चपला ओळखत नाही का? अहो, वर काच, आत काळं पॉलिश, खाली माझं वळणदार अक्षर. पाटीपुढे कोणाचं चालतं! मामांनी ओळखलं ते वेगळंच. एक दिवस माझा हात धरून पेटीपाशी नेलं.

"सर, ही उजवी टाच बघा. भायेरून झिजलीय. बराबर माझ्यावानी! सायब लंगडत व्हते!"

लहानपणी पिंपळगाव रेणुकाईला मामा चिंचेवरून पडले होते, तेव्हापासून उजवा पाय ओढत चालायचे. लोक आले की भिंतीला टेकून उभे राहायचे, चाल दिसू नये म्हणून. पण त्या दिवसानंतर पाहुण्यांच्या पुढे निघायला लागले. "या माझ्या मागं. सायब अस्सेच चालायचे!" आणि छाती काढून, उजवा पाय ओढत, सायबाच्या कंदिलापासून पेटाऱ्यापर्यंत. मागची माणसंही नकळत थोडी लंगडायची. एका अभ्यासकाने हे वहीत टिपून घेतलं आणि पुढे पुस्तकात छापलं. मग अध्यक्ष मला म्हणाले, "सर, एक पाटी वाढवा." मी लिहिली: 'उजवा पाय अधू असूनही.'

आता सांगा, चपला परत द्यायच्या तर मामांना पुन्हा भिंतीशी उभं करावं लागलं असतं. हे कारण मी वर्षानुवर्षं जपलं. कारण खरं होतं. पण त्याच्याआड माझा भित्रेपणा आरामात बसला होता.

गेल्या थंडीत मामा अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्यांच्या गावी गेलो होतो. सांगायचंच, असं ठरवून. तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "सर, हॉटेलवाल्याला येक निरोप द्या. म्हनावं, पायतान ठिवून घे, माफ केलं. मंग जरा थांबून म्हनावं, तुझ्यावानी चहा कुटं मिळाला न्हाई."

मी "बरं" म्हणालो. चार दिवसांनी मामा गेले.

आता दारात कोणी अडवत नाही. लोक बूट घालून आत फिरतात. हॉटेलवाला मला चहा देताना विचारतो, "सर, म्हातारं जाताना माझं काही बोललं का?" मी बशीत फुंकर घालत बसतो. न केलेल्या चोरीची माफी त्याला कोणत्या तोंडाने देऊ?

चपला मी नेल्या, एवढं एक वाक्य मी त्याला देणं लागतो. आणि मामांना, त्यांच्या नावाची एक पाटी.