कांडपिणीसाठी लिहिलेलं पत्रक

तुमच्या गावात भाताची गिरणी आली तेव्हा कुणाच्या चुलीवरची पेज कमी झाली, हे तुम्ही कधी विचारलंत का? मीही विचारलं नव्हतं. मी थेट पत्रक लिहिलं होतं.

आमच्या घरी पत्रकांना तोटा नव्हता. वडील ती चौक गावात आणि कर्जतच्या बाजारात वाटायचे, उरलेली माळ्यावर पडायची. मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. एकात लिहिलेलं असे, यंत्र माणसाला कष्टातून सोडवतं. दुसऱ्यात, यंत्र गरिबाच्या पोटावर पाय देतं. दोन्ही मला पाठ होती आणि दोन्ही खरी वाटायची.

कडावला गिरणी सुरू झाली तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. त्याआधी आमचं भात कांडायला डोंगराकडच्या ठाकूरवाडीतून एक बाई यायची. घिरटावर, म्हणजे हातानं फिरवायच्या मोठ्या जात्यावर, ती भात भरडायची. मग उखळात कांडून, पाखडून द्यायची. गिरणी आली आणि आईनं घिरट गोठ्यात ढकललं. त्यावर कोंबड्या बसू लागल्या. बाई यायची थांबली.

मी आईशी भांडले. "तू तिचं काम काढून घेतलंस."

"मी? आगं, गिरनीत घटकाभरात होतं, त्याला दोन दिस कशाला कुटत बसायचं? तुला येवढा पुळका हाय तर मुसळ कोपऱ्यात हाय. आन् बाबा आलं की त्यांनाबी दे एक."

मी मुसळ उचललं. पायलीभर भातही झालं नाही तोच तळहाताला फोड आले. त्याच हातानं कार्बन घालून पत्रकं लिहिली: 'कांडप करणाऱ्या भगिनींची रोजी वाचवा! गिरणीवर बहिष्कार टाका!' आणि वाटायला गिरणीवर गेले.

रांगेत आमची ती कांडपीण उभी होती. डोक्यावर पाटी, पाटीत भात.

"मावशी, तुम्ही इथं?"

"मंग कुठं जाऊ, बाय? कापनीच्या मजुरीचं भात हाय."

मी पत्रक वाचून दाखवलं. इंजिनाच्या फटफटाटात ओरडूनच वाचावं लागलं. रांगेतल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "गिरनी बंद झाली तं तू येशील काय गं आमच्याकडं कांडायला?"

ती हसली नाही. "ह्ये माज्यासाठी लिवलंस?"

"हो. गिरणी बंद झाली तर परत याल ना?"

"नाय येनार. हात वर होत नव्हता माजा. आत्ता कुठं खांदा बरा हाय."

"म्हणजे कांडप गेल्याचं वाईट नाही वाटत?"

"मुसळाचं कसलं वाईट? कण्यांचं वाटतं. तुमच्याकडनं कांडताना पडलेल्या वटीत बांधून न्यायची, पोरांना पेज व्हायची. हितं कोंडा-कण्या समदं गिरनीवाला ठेवतो."

वडिलांच्या एकाही पत्रकात कण्या नव्हत्या. मी गिरणीवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, "ज्याचं भात त्यानं मागाव्या. कुनी मागतच नाय."

पुढच्या खेपेला मी आईला गिरणीवाल्याकडून आमच्या भाताच्या कण्या मागून आणायला लावल्या. फडक्यात बांधून वाडीवर गेले. तिनं गाठ सोडली, कण्या हातावर घेऊन पाहिल्या आणि विचारलं, "काम काय करायचं?"

"काही नाही. तुमच्याच आहेत."

"काम नाय तं माज्या कशा?"

तिनं त्या ठेवून घेतल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही. गिरणी राहावी की जावी, मला आजही ठरवता येत नाही. खांदा बरा झाला हे खरं, पेज गेली हेही खरं, आणि मी नेलेल्या कण्या त्या जुन्या कण्या नव्हत्या, हे तर सगळ्यात खरं. दुसरं पत्रक मी तीनदा सुरू केलं. पहिल्या ओळीपुढे गेले नाही.

म्हणून घोषणा देत नाही, एवढंच मागते. तुमच्या घरी पूर्वी कांडायला येणारी बाई हयात असेल तर या आठवड्यात तिच्याकडे जा. तिच्या खांद्याला झेपेल असं एखादं काम घेऊन जा, आणि त्याची मजुरी काय, ते तिलाच ठरवू द्या.