धाकटीच्या नावाचं रक्त

मी मुळातच संशयी. भाजीवाल्याने पाव किलो म्हटलं तरी माझी नजर काट्यावर. नवरा म्हणतो, तू पॅथॉलॉजिस्ट झालीस तेच बरं, पोलिसात गेली असतीस तर आम्ही सगळे आत असतो. माणमध्ये लॅब टाकून मला बरीच वर्षं झाली. खाली मेडिकल, वर माझी एक लांबट खोली. एका टोकाला पेशंटचं बाकडं, दुसऱ्या टोकाला रक्त घ्यायची खुर्ची, आणि पडद्यामागे मशीन आणि मी.

त्या सकाळी मशीनने एक रिपोर्ट दिला आणि मी हातातला चहा खाली ठेवला. रिपोर्ट लग्न ठरत आलेल्या एका मुलीचा होता. हल्ली आमच्या भागात पत्रिकेबरोबर रक्ताचा रिपोर्टही मागतात. मुलाच्या काकांनी तो मागितला होता आणि न्यायला ते स्वतः येणार होते. मुलीच्या पांढऱ्या पेशी लाखाच्या वर गेल्या होत्या. धडधाकट माणसात त्या दहा-अकरा हजारांच्या आत असतात.

माझा पहिला संशय मशीनवर. रक्त पुन्हा लावलं, आकडा तोच आला. मग काचेवर थेंब ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पांढऱ्या पेशींची नुसती दाटी. ज्या कोवळ्या पेशींनी हाडांच्या मगजातच राहायचं, त्याही तयार पेशींबरोबर बाहेर आल्या होत्या. शाळा सुटल्यावर बालवाडीपासून दहावीपर्यंतची पोरं एकदम रस्त्यावर यावीत, तशा सगळ्या वयाच्या. रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये असं दिसतं. तो सावकाश वाढतो आणि सुरुवातीला माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण मला खटकत होतं ते दुसरंच. हीच मुलगी मागच्या महिन्यात आईबरोबर माझ्याकडे येऊन गेली होती. जिना चढताना दम लागतो, अशी तक्रार होती. तेव्हा तिच्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होत्या, म्हणजे अंगात लोह कमी. आज त्याच नावाच्या बाटलीत तांबड्या पेशी नीट मापाच्या आणि रंगाने भरलेल्या. तांबडी पेशी साधारण चार महिने जगते. लोहाच्या गोळ्यांनी नव्या पेशी चांगल्या येतात हे खरं, पण जुन्या लहान पेशी महिन्याभरात जातील कुठे? दोन्ही मिसळून दिसायला हव्या होत्या. मी काच इकडून तिकडे सरकवत राहिले. हे रक्त तिचं नव्हतं.

मग संशय घरच्यांवर, म्हणजे माझ्याच लॅबवर. घरोघर जाऊन रक्त घेणाऱ्या माझ्या बाईला मी उलटसुलट विचारलं. ती चिडलीच. "मॅडम, म्या तितंच बाटलीवर नाव लावलं. घरात दोघी बहिणी हुत्या, लग्नाची धाकटी आन् थोरली. यक पुढं आली आन् तिनं हात दिला. आता दोघी दिसायला सारख्याच, म्या काय वळखनार?" त्या दिवशीच्या बाकी सगळ्या बाटल्या मी तपासल्या. सगळ्या जिथल्या तिथे होत्या.

दुपारी काका आले. पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. मी म्हटलं, रिपोर्ट तयार नाही.

"का? लपवताय का काय?"

"ज्याचं रक्त, त्याच्याच हातात रिपोर्ट," मी म्हटलं. "तुम्हाला मुलीकडूनच घ्यावा लागेल."

"उद्या येतो," म्हणाले, आणि जाताना पडद्याकडे असं बघून गेले की जणू मीच मुलगी पळवून आत ठेवली होती. माझ्याहून संशयी माणूस मला पहिल्यांदाच भेटला आणि तो मला मुळीच आवडला नाही.

संध्याकाळी मी मुलीच्या आईला बोलावून घेतलं. तिला पडद्याआड बसवलं आणि म्हटलं, "मावशी, हे रक्त धाकटीचं नाही."

"तिचंच हाय."

"नाही."

"मग तुमच्याच मान्सानं बाटल्या बदलल्या आसतील. आमी कशाला बदलू?" ती माझ्याकडे न बघता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. रक्त यांनीच जाणूनबुजून दुसरीचं दिलंय, हे तिथेच मला कळून चुकलं.

मला राग आला. "लग्नाचं राहू द्या बाजूला. मी कुणाला काही सांगायला जाणार नाही. पण हे ज्या बाईचं रक्त आहे तिला मोठा आजार आहे आणि तिला अजून ते ठाऊक नाही. तुम्ही नाव सांगितलं नाहीत तर कधी कळणारही नाही."

"धाकटीचंच हाय," ती पुन्हा म्हणाली, पण आवाज खाली आला होता.

या आजारात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढते, डाव्या बरगडीखाली दगड ठेवल्यासारखी, आणि जठराला जागाच उरत नाही. म्हणून मी विचारलं, "घरात कुणाचं दोन घासांत पोट भरतं का? डावीकडे जड वाटतं असं कुणी म्हणतं का?"

पदराचं टोक बोटातून सुटलं.

"थोरली आलीया म्हायेराला," ती म्हणाली. "तिच्या लग्नाला लई वर्सं झाली, मूल न्हाई. औंदा आली ती जेवंचना. अर्ध्या भाकरीवर उठतीया. प्वाट वर आल्यागत दिसतंय. म्या तिला इचारलं बी न्हाई, दिष्ट लागंल म्हनून. मला वाटलं, दिस गेल्यात." जरा थांबून म्हणाली, "मला लई आनंद झाला हुता, मॅडम."

माझा सगळा राग कुठल्या कुठे गेला. इतकी वर्षं वाईट बातम्या देते आहे, पण अशी बातमी देताना काय बोलावं ते मला आजही कळत नाही. मी तिला पाणी दिलं.

"धाकटीचं रगात कमी हाय म्हनल्यावर थोरलीच म्हनली, माझं द्या."

धाकटीचं दुखणं गोळ्यांनी चार-सहा महिन्यांत बरं होणारं. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि ते मी तिला फाडकन सांगितलंही. थोरलीचं मात्र लवकर बघायला हवं होतं. पुण्याला एक मोठी तपासणी करावी लागेल, म्हटलं. त्यात हाच आजार निघाला तर यावर रोजची गोळी असते, आणि ती घेऊन कित्येक बायका वर्षानुवर्षं घर चालवतात. पण मी शब्द देऊ शकत नाही. आणि त्या आधी तिचं रक्त मला तिच्याच नावाने हवं.

"मंग समद्यांना कळंल."

"कळेल," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? ती उठली आणि जिना उतरून गेली. येईल की नाही, मला शंकाच होती.

दुसऱ्या दिवशी काका मी यायच्या आधीच बाकड्यावर येऊन बसले होते. थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. पुढे आई, मागे दोन्ही मुली. काकांना बघून आई उंबऱ्यात थबकली. ती आता पाठ फिरवणार असं मला वाटलं, पण ती आत आली. थोरली हसतमुख होती, अंगाने भरलेली, तिच्याकडे बघून कुणी आजारी म्हटलं नसतं. आईने तिला अजून काही सांगितलेलं दिसत नव्हतं. ती खुर्चीत बसली आणि बाही वर केली. मी दंडाला पट्टा आवळला.

"नाव सांगा."

थोरलीने एकवार काकांकडे बघितलं आणि ठणठणीत आवाजात धाकटीचं नाव सांगितलं.

माझा हात थांबला. आई मागून पुढे आली आणि तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"न्हाई. तुझं सांग."

"आई, त्ये बसल्यात की तितं."

"बसूं दे," आई म्हणाली, साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशी. "तू तुझं नाव सांग."