पाचशे एक रुपयांचा पंजा

खंडेनवमी, सकाळी साडेअकरा. मी मागितलेली रक्कम एक लाख ऐंशी हजार रुपये. हजर होते आमच्या फौंड्रीचे मालक, त्यांचे चिरंजीव, मॅनेजर, पूजेला आलेले भटजी आणि आम्ही चौतीस कामगार. सगळ्या मशिनींना हळदकुंकू लागलं होतं. माझ्या ग्राइंडरलाही झेंडूची माळ. ज्या यंत्रानं माझा उजवा हात खाल्ला, त्यालाच त्या दिवशी शिऱ्याचा नैवेद्य होता.

मी फेटलिंगला होतो. साच्यातून निघालेल्या ओबडधोबड कास्टिंगच्या कडा हातातल्या ग्राइंडरनं घासून साफ करायच्या, हे काम. एकवीस वर्षं तेच. ग्राइंडर थरथरायचा, त्याच्याबरोबर हात थरथरायचा, घरी जेवायला बसलो तरी थरथर थांबायची नाही. आधी मुंग्या आल्या. मग बोटं बधिर झाली. हातातला कप सुटलाय, हे तो फुटल्यावर कळायचं. डॉक्टर म्हणाले, एकसारखं तेच काम करून मनगटातली शीर दबली आहे, ऑपरेशन करा, नाहीतर पंजा कामातून जाईल.

आम्हा फेटलिंगवाल्यांना कंपनीनं कधी विम्यात घातलं नव्हतं. म्हणून मी थेट कंपनीकडं अर्ज केला. ऑपरेशनचे अडतीस हजार, घरी बसावं लागणार त्या चार महिन्यांच्या पगाराचे अठ्ठावन्न हजार, आणि पुढं हे काम जमणार नाही त्याचे चौऱ्याऐंशी हजार. एक रुपया वाढवून लिहिला नव्हता.

अर्जाचं उत्तर खंडेनवमीला मिळालं.

आरती झाली. चिरंजीवांनी टेबल मागवलं. त्यांचे हे व्यायामशाळेत कमावलेले दंड. शर्टाच्या बाहीत मावत नाहीत, आणि त्या बाहीला जन्मात कधी लोखंडाची पूड लागलेली नाही. टेबलावर कोपर टेकवून त्यांनी मला सगळ्यांच्या देखत हाक मारली.

"मामा, मनगट गेलं म्हणं तुमचं? एक लाख ऐंशी हजाराचं मनगट हाय तरी कसलं, बघू दे की."

सगळे हसले. भटजीही हसले. डॉक्टरांचा कागद दिलाय, मी म्हणालो.

"कागद ऱ्हाऊ दे. तालमीच्या गावात मनगट कागदावर बघत्यात व्हय? बसा. पंजा लढवा. का घाबरलाय?"

मालकांनी लगेच जिंकणाऱ्याला पाचशे एक रुपये जाहीर केले. मालकांना कुस्तीचा फार अभिमान. मैदानात पहिल्या रांगेत बसतात आणि उठायचं झालं की दोघं जण हाताला धरून उठवतात.

मी निघून जायला हवं होतं. पण पंजाला बोलावल्यावर उठून गेलेल्या माणसाला हे गाव चहाच्या गाड्यावर वर्षानुवर्षं चघळतं. माझ्याच खात्यातली पोरं ओरडत होती, बसा मामा, बसा. ज्यांची स्वतःची बोटं ग्राइंडरच्या थरथरीनं पांढरी पडायला लागलीत, तीच पोरं. मी बसलो.

आणि जिंकलो. शिट्ट्या झाल्या, मालकांनी मला फेटा बांधला, गुलाल लावला, पाकीट दिलं. मॅनेजर मघापासून मोबाइल धरून उभा होता. मला वाटलं, कौतुकानं शूटिंग घेतोय. मी त्या मोबाइलकडं बघून हसलो. दात दाखवून हसलो.

घरी आलो तर बायको दारात.

"कुणाच्या लग्नाला गेलतासा?"

मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी नेहमीसारखा तिच्यापुढं उभा राहिलो, कारण आठ महिने माझ्या शर्टाची बटणं तीच काढते आणि तीच लावते.

ती हलली नाही. म्हणाली, "जिंकून आलाय न्हवं? मग काढा की बटणं."

मी फेटा बांधलेल्या अवस्थेत पहिल्या बटणाशी झटत राहिलो. बटण बोटांना लागतच नव्हतं. शेवटी तिनंच काढलं.

कंपनीनं पैसे नाकारले तेव्हा मी कामगार खात्याच्या कचेरीत गेलो. तिथं तडजोडीची बैठक लागली. अधिकारी मॅडमनी कागद वाचले आणि अपघाताची तारीख विचारली. मी म्हणालो, एकवीस वर्षं. मॅनेजर हसला. त्याच्या मते पत्रा पडून हात तुटला तर तो अपघात, रोज थोडा थोडा झिजला तर ती माणसाची प्रकृती. मग त्यानं मोबाइल काढून मॅडमच्या पुढं ठेवला. म्हणाला, हा बघा यांचा निकामी हात.

मीही बघितलं. पहिल्यांदाच बघत होतो. माझा चेहरा लाल, मानेच्या शिरा फुगलेल्या, सगळा जोर खांद्यातून लावलेला. आणि समोर चिरंजीव. त्यांचा दंड सैल. बोटं उघडी. हात आपणहून आडवा करताना ते मॅनेजरकडं बघून डोळा मारत होते.

मी जिंकलोच नव्हतो. मला जिंकवलं होतं. आणि ते मला कळलं नव्हतं, कारण समोरचा हात घट्ट आहे की सैल, एवढंसुद्धा माझ्या बोटांना कळत नव्हतं. हात गेला म्हणून मी फसलो, आणि फसलो तोच हात चांगला असल्याचा पुरावा झाला. एवढं डोकं या लोकांनी सुरक्षेच्या हातमोज्यांसाठी कधी चालवलं नाही.

मी म्हणालो, "मॅडम, ह्यांचा हात ढिला हाय बघा. माझ्या बोटांत जीव असता तर मला तिथंच कळलं असतं."

मॅनेजर म्हणाला, हा काही डॉक्टरी पुरावा नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या चिरंजीवांना मात्र मजा वाटली. त्यांनी सरकारी टेबलावर कोपर टेकवलं. मॅडम म्हणाल्या, असलं इथं चालणार नाही. तरी कोपर निघालं नाही. माझ्याकडं वाकून ते हळू आवाजात बोलले.

"आज हरा मामा. हरलासा तर पन्नास हजार आत्ता देतो. हरायचंच हाय, सोप्पं काम हाय की."

मी हिशोब केला. खोटं कशाला बोलू, केलाच. ऑपरेशनचे अडतीस जाऊन बारा उरत होते. हात वाचत होता. फक्त तो एकदा टेबलावर ठेवायचा होता आणि ज्याच्या करमणुकीसाठी जिंकलो, त्याच्याच करमणुकीसाठी पडायचं होतं. जिंकलो तर हात चांगला, हरलो तर त्यांची मेहरबानी. ग्राइंडरचा दोष दोन्हीकडून नाही.

मी उजवा हात खिशात घातला.

"ह्यो हात कास्टिंग घासायला नेलासा, त्याचा हिशोब द्या," मी म्हणालो. "खेळायला मिळणार न्हाय."

मग डाव्या हातानं पाकीट काढलं. तेच खंडेनवमीचं, गुलालाचे डाग पडलेलं. आत पाचशे एक रुपये तसेच होते. ते चिरंजीवांच्या कोपराजवळ ठेवले आणि पावती मागितली. ते म्हणाले, असू दे मामा, बक्षीस हाय. मी म्हणालो, पावती. मॅनेजरनं पावती लिहिली.

तडजोड झाली नाही. प्रकरण पुढं गेलं आहे. कंपनीनं नंतर साठ हजारांचा निरोप पाठवला, हात कामामुळं गेला नाही असं लिहून देण्याच्या अटीवर. मी परत पाठवला. मला एक लाख ऐंशी हजार पाहिजेत, आणि हात कामामुळं गेला हे कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या शिक्क्यानिशी पाहिजे. फेटलिंगच्या तिघा पोरांना मी त्याच डॉक्टरकडं नेऊन आणलं आहे. तिघांनीही अर्ज दिले. त्यांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय की टेबल आणलं तर बसायचं नाही.

ऑपरेशन अजून झालेलं नाही. बटणं बायकोच लावते.

या प्रकरणात आजपर्यंत प्रत्यक्ष चुकती झालेली रक्कम पाचशे एक रुपये. देणारा मी. घेणारे मालक.